जेवणानंतरची टकटक

सोमवार, ९ फेब्रुवारी

भिंगरे,

आधी पूर्ण वाच आणि मग हवं तेवढं रागाव. तुझे सासरे इथे आहेत. तब्येत ठणठणीत आहे, फक्त उन्हाने नाक लालबुंद झालंय. आणि येत्या रविवारी संध्याकाळी ते आपल्याकडे जेवायला येणार आहेत. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत जेवण होऊन भांडीसुद्धा घासून झालेली असतील, म्हणूनच इतकी बिनधास्त लिहिते आहे. नको म्हणायला तुला वेळच ठेवलेला नाही.

झालं असं. दुपारी दुकानात मी शाळेच्या चड्ड्यांना इलॅस्टिक ओवत बसले होते. दारात एकदम अंधार झाला. वर बघते तर एक उंचच उंच, पिकल्या केसांचा गोरा माणूस, चौकटीवर डोकं आपटून तेच डोकं चोळत उभा. मला वाटलं, पत्ता चुकला असेल. त्याने खिशातून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. अक्षर माझंच! मी तुला पाठवलेल्या पत्राचं पाकीट, मागे दुकानाचा पत्ता. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो कसा, "आई?"

माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस मला भर दुकानात आई म्हणतोय आणि कपडे न्यायला आलेल्या दोन बायका टकामका बघताहेत! तुझ्या तोंडून सारखं 'आई, आई' ऐकून ते माझं नावच आहे अशी त्यांची समजूत झालेली. मग त्यांनी फोटो काढला. तू, तुझा नवरा, तुझ्या सासूबाई. तू भरली आहेस अंगाने. छान दिसतेस.

तीन वर्षांत तुझा एक फोटो नव्हता माझ्याकडे. त्या बायकांना मी म्हटलं, कपडे तयार नाहीत, उद्या या. कपडे तयार होते.

इथल्या कापडाच्या कारखान्यात नवी मशिनं आली आहेत, ती बसवून द्यायला तुझे सासरे आलेत हे तुला माहीतच आहे. माझं मोडकंतोडकं इंग्रजी, त्यांचे हातवारे आणि तू त्यांना शिकवलेले दहाबारा मराठी शब्द, एवढ्या भांडवलावर आमच्या तासभर गप्पा झाल्या. आमच्या घराकडे फिरकू नका अशी तू त्यांना तंबी दिली होतीस, तेही कळलं. त्यांनी कमरेवर हात ठेवून, डोळे मोठे करून तुझी हुबेहूब नक्कल केली. मला इतकं हसू आलं! हसता हसताच मी म्हणून गेले, रविवारी जेवायला या. त्यांनी क्षणभर तुझा विचार केला असावा. मग छातीवर हात ठेवून मान डोलावली. तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. बोलावणारी मी आहे.

आता तुझ्या मागच्या पत्राबद्दल. 'बाबांनी स्वतः बोलावल्याशिवाय मी येणार नाही' असं तू दुसऱ्यांदा लिहिलं आहेस. मी तुझ्या बाबांना दुसऱ्यांदा विचारलं. तेही दुसऱ्यांदा म्हणाले, "बोलवायला ती काय पाहुणी आहे? आमंत्रण पाहुण्यांना देतात. घर तिचं आहे. मी काय दाराला कडी लावून बसलोय?" तूही खरी आणि तेही खरे. मधल्या मध्ये माझं मात्र भरीत होतंय.

हे सगळं फोनवर बोलले असते, पण फोन आता बाबांच्या खुर्चीपाशी असतो. पूर्वी खिडकीत होता. का हलवला ते विचारू नकोस.

आई


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझ्या बाबांना मी थाप मारली आहे. कारखान्यात मशिनं बसवायला आलेला एक परदेशी फिटर आहे, माझ्या मशीनच्या पट्ट्याचं काहीतरी अडलं होतं ते त्याने बघून दिलं, बिचारा एकटा आहे, हॉटेलचं खाऊन कंटाळलाय, म्हणून रविवारी बोलावलं. यातला एकही शब्द तसा खोटा नाही. पट्टा त्यांनी खरंच बघून दिला. फक्त तो तुमचा व्याही आहे, एवढं सांगायचं मी विसरले.

व्याही! मी कालपासून दुकानात एकटीच असताना तो शब्द म्हणून बघते आहे. आपल्या लेकीचा सासरा, तिला रोज डोळ्यांनी बघणारा माणूस, आणि मला तो तीन वर्षं नुसता पत्राच्या एका ओळीत माहीत होता.

खरं सांगितलं असतं तर बाबांनी काय केलं असतं तुला ठाऊक आहे. 'तुमचं चालू द्या' म्हणून घरामागच्या आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात जाऊन रंधा मारत बसले असते. म्हणून आधी जेवण, मग ओळख. एकदा माणूस आपल्या हातचं जेवून गेला की त्याला परका म्हणायला जीभ जड होते. निदान माझा तरी तसा अंदाज आहे.

बाबा आधी कुरकुरले. "परदेशी माणूस आपल्या टेबलावर काय जेवणार? त्याला तिखट झेपायचं नाही. आणि बोलायचं काय त्याच्याशी?" पण काल दुकानातून आले तर बघते काय, डुगडुगणारी खुर्ची उलटी करून तिचा पाय काढून बसलेत. ती खुर्ची दुरुस्त करा म्हणून मी सहा वर्षं कानीकपाळी ओरडते आहे. तू त्याच खुर्चीवर बसून अभ्यास करायचीस, पायाखाली वर्तमानपत्राची घडी घालून. ती घडी अजून तिथेच होती. आता परक्या पाहुण्यासाठी ती खुर्ची एका दुपारी ठणठणीत झाली! मी म्हटलं, "आम्ही माणसं नव्हतो वाटतं?" तर म्हणाले, "घरच्यांना डुगडुगणं माहीत असतं."

बोलण्याची सोय म्हणून समोरच्या मास्तरांना बोलावलंय. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण परदेशी माणसाशी समोरासमोर बोलायची वेळ आता आली, त्यामुळे ते दोन दिवस आरशासमोर तयारी करताहेत असं त्यांच्या बायकोने सांगितलं. त्यांनाही मी खरं सांगितलेलं नाही. मास्तरांच्या पोटात काही राहत नाही.

तुझ्या सासऱ्यांना मी आज दुकानात बोलावून बजावलं: रविवारी एकही मराठी शब्द उच्चारायचा नाही. आई नाही, छान नाही, काही नाही. आणि तुझं तर नावच काढायचं नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवून कबूल केलं. चेहरा मात्र खट्टू झाला. इतके दिवस घोकलेले शब्द वापरायची वेळ आली आणि मी बंदी घातली.

बाबा मजेत आहेत. त्यांच्या कारखान्यातल्या कोपऱ्यात गोणपाटाखाली काय आहे तेही विचारू नकोस. मी सांगणार नाही.

आई


सोमवार, १६ फेब्रुवारी

भिंगरे,

काल तुझे सासरे येऊन जेवून गेले. सगळं छान झालं. दोन्ही भाज्या जमल्या होत्या, भात मोकळा झाला होता, गोड त्यांनी दोनदा घेतलं. मास्तरांचा चष्मा आपल्याकडे राहिला आहे, तो नेऊन द्यायचा आहे.

बाबा जेवले. आत्ता कारखान्यात आहेत. सकाळचा चहाही तिकडेच मागवला.

बाकी विशेष काही नाही.

आई


बुधवार, १८ फेब्रुवारी

भिंगरे,

परवाचं पत्र खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. टपालात टाकलं आणि घरी येईपर्यंत जीव खात होतं. माझं असलं कोरडं पत्र वाचून तू काय काय मनात आणशील म्हणून आता सगळं सांगते. आज मशीन बंद ठेवलंय.

तुझे सासरे वेळेवर आले. दाराशी आले आणि वाकले. आपल्या दाराला वाकायची गरज नाही, पण दुकानात आपटल्यापासून ते सगळ्याच दारांना वाकतात. बाबांनी हात पुढे केला, त्यांनीही केला. मास्तर मध्ये उभे राहून दोघांची ओळख करून देऊ लागले. वाक्य इतकं लांब होतं की ते संपेपर्यंत दोघंही हात हातात धरून उभे. बाबांनी मला हळूच विचारलं, "हा अजून माझंच वर्णन करतोय का?"

जेवायला बसलो आणि पहिला धक्का बसला. खुर्ची ठीक, पण टेबल त्यांना बुटकं. गुडघे खालून फळीला लागले आणि सगळ्यांच्या वाट्या एकदम उडाल्या. ते ओशाळले. थोडे मागे सरकले तर ताटापर्यंत हात पोहोचेना. पुढे आले तर पुन्हा ठाप. मी बघत होते, बाबा फळीकडे आणि त्यांच्या गुडघ्यांकडे आळीपाळीने बघत होते. माप घ्यायची नजर तुला माहीत आहे.

मी चमचा ठेवला होता. त्यांनी तो बाजूला सारला आणि हाताने भात कालवायला लागले. कसा? तर बोटांच्या टोकांनी, भात तळव्याला लागू न देता, आधी थोडा बाजूला घेऊन. अगदी तू कालवतेस तसा. बाबांचा घास हातातच राहिला. "सराव दिसतोय," ते म्हणाले. मास्तरांनी विचारलं. तुझ्या सासऱ्यांनी मान खाली घातली आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. मास्तर म्हणाले, "ते म्हणतात, कुठेतरी पाहिलं होतं." मी भाजी वाढायला धावले. वाढत गेले, वाढत गेले, तोवर त्यांच्या तोंडून निसटलं, "पुरे, पुरे!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मीच शिकवला तो शब्द. दुकानात." बाबा म्हणाले, "दुकानात कशाला लागला 'पुरे'?" मी म्हटलं, "पट्टा घट्ट करताना." इतकी वर्षं संसार केल्यावर माणसाला थाप लगेच सुचते.

तरीसुद्धा सगळं निभावलं असतं. पण मग जेवण संपलं.

इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तीन वर्षांत लिहिली नाही. तुला आठवतं ना, नवं टेबल तयार झालं की बाबा त्यावर मधल्या बोटाच्या पेराने दोनदा वाजवतात? आवाज भरीव आला तर काम पास, पोकळ आला तर सांधा परत उकलायचा. तीच सवय जेवणाच्या टेबलावर आली. शेवटचा घास झाला की दोनदा टकटक, म्हणजे माझा स्वयंपाक पास. आणि तू, खुर्चीत दोन उशा घालून बसणारी, लगेच एकदा टक. तुझी टक आल्याशिवाय ते उठत नसत. तू रुसलेली असलीस की मुद्दाम वाजवायची नाहीस आणि ते खरकटा हात वाळवत बसून राहायचे. मी ओरडायचे, दोघांनाही त्याचं काही नसायचं.

तू तिकडे शिकायला गेलीस तेव्हाही ते वाजवत होते. वाजवायचे, थोडं थांबायचे, उठायचे. मग तुझा तो फोन आला. तू लग्न करून मोकळी झालीस आणि मग कळवलंस. बाबा कारखान्यातून उठून आले होते, हाताला पॉलिश लागलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि 'बरं' म्हणून फोन ठेवला. ते 'बरं' तुला लागलं हे मला माहीत आहे. तू पत्रात लिहिलंस, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या दिवसापासून त्यांनी टेबलावर वाजवणं बंद केलं. जेवतात, हात धुतात, उठतात. घरात जेवण कधी संपतं ते कळतच नाही आता. आणि फोन खिडकीतून उचलून खुर्चीपाशी आणला तो दुसऱ्याच दिवशी. वाजला तर चटकन हाताशी यावा म्हणून, दुसरं कशासाठी? पण तोंडाने कबूल करतील तर शपथ.

तर रविवारी जेवण संपलं. ताटं रिकामी झाली. तुझ्या सासऱ्यांनी हात पुसला आणि बाबांकडे बघून थांबले. बाबा पाणी प्यायले. ते अजून थांबलेले. मास्तर त्यांच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होते, तिकडे त्यांचं लक्षच नाही. मला कळेना यांना काय हवंय. अजून भात? मी उठणार तेवढ्यात त्यांनी थोडं संकोचून, यजमान विसरले असतील तर आठवण करून द्यावी तसं, मधल्या बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा वाजवलं.

टकटक.

आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. आमची टक येण्याची वाट बघत.

भिंगरे, मी अर्धी उठले ती तशीच. बाबा तर खांबासारखे बसले होते. त्या माणसाला वाटलं, आवाज पोहोचला नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं, जरा जोरात. मास्तर म्हणाले, "काही हवंय वाटतं यांना."

बाबा मास्तरांना म्हणाले, "विचारा यांना, हे कुणी शिकवलं."

मास्तरांनी विचारलं. तुझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. मग त्यांनी सरळपणे उत्तर दिलं आणि उलट एक प्रश्न विचारला. मास्तर गोंधळून म्हणाले, "ते म्हणतात, सुनेने शिकवलं. ती या देशातली आहे. आणि ते विचारताहेत की, तुमच्याकडे सगळेच असं करतात ना?"

म्हणजे बघ! त्यांना वाटत होतं, ही आपल्या देशाची रीत आहे. जेवण झालं की सगळे हिंदुस्थानी टेबलावर वाजवतात. आल्या दिवसापासून ते कारखान्याच्या कँटीनमध्ये वाजवत होते. पहिल्या दिवशी कँटीनवाला धावत आला आणि त्याने अजून भात वाढला. हॉटेलात वाजवलं तर वेटरने येऊन माफी मागितली. तरी ते आपले रोज मनोभावे वाजवत राहिले. लोक पाहुण्यासमोर लाजत असतील असं त्यांना वाटलं. घरी बोलावलंय म्हटल्यावर त्यांना खात्री होती, इथे तरी कोणीतरी परत वाजवेल.

मास्तर हसायला लागले. "अहो, अशी काही रीत नाही आपल्याकडे," असं ते त्यांना समजावून सांगणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "आहे."

एवढंच बोलले आणि उठून मागे कारखान्यात गेले. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला वाटलं, माझ्या शहाणपणाने होतं नव्हतं तेही गेलं. मास्तरांना तोवर सगळं उमगलं होतं. ते टेबलावर चष्मा विसरून, टोपी घेऊन घरी पळाले. तुझे सासरे मात्र बसून राहिले. मला म्हणाले, "आई," आणि पुढचा शब्द त्यांना येईना. मग ते स्वतःच उठले आणि बाबांच्या मागे गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ताटं तशीच पडलेली.

आता गोणपाटाखालचं सांगते. तुझं टेबल आहे ते. तू शिकायला गेलीस त्याच वर्षी बाबांनी करायला घेतलं होतं. तुझ्या लग्नात द्यायचं म्हणून चौघांचं जेवणाचं टेबल. फळी पूर्ण झाली होती, घासून पॉलिशचा पहिला हातही झाला होता, पाय व्हायचे होते. तुझा फोन आला तेव्हा हाताला लागलेलं पॉलिश तेच. त्यानंतर फळीवर गोणपाट टाकलं ते या रविवारपर्यंत.

बाबांनी दिवा लावला आणि ते गोणपाट ओढून काढलं. का, ते त्यांनाच ठाऊक. तुझ्या सासऱ्यांनी फळीवरून हात फिरवला. वाजवलं नाही. बरं झालं, वाजवलं नाही. बाबांनी टेबलाला पाय नाहीत हे हाताने दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग दोघं दोन स्टुलांवर बसले, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, मधे ती बिनपायांची फळी.

शेवटी बाबांनी विचारलं, अगदी सरळ मराठीत, "ती रोज वाजवते?" आणि विचारताना हवेत दोनदा वाजवून दाखवलं.

तुझे सासरे म्हणाले, "रोज."

हा शब्द तू शिकवला असशील. मग त्यांनी उठून सगळं नाटक करून दाखवलं. तू दोनदा वाजवतेस, बाबांसारखं. मग तुझा नवरा एकदा, सासूबाई एकदा, ते एकदा. एके दिवशी ते न वाजवताच उठले तर तू त्यांना खांद्याला धरून परत खाली बसवलंस. ते खांद्याला धरणंही त्यांनी दाखवलं, डोळे मोठे करून, कमरेवर हात. आणि तुझे बाबा हसले. मी तीन वर्षांनी ऐकलं ते हसणं. ते इतक्या मोठ्याने हसतात हे मी विसरूनच गेले होते.

पाहुणे गेल्यावर ते मला म्हणाले, "मशीनवाला म्हणे! पट्टा घट्ट करताना पुरे!" आणि दिवा मालवून झोपायला गेले. म्हणून माझी पुन्हा पंचाईत. रागावलेत की नाही, तेच कळेना. त्यातच तुला ते कोरडं पत्र लिहिलं. आता तीन दिवस झाले, टेबलावर काही वाजवलेलं नाही. पण फळीवर गोणपाटही परत टाकलेलं नाही.

तू तिकडे बाबांच्या जागी बसून दोनदा वाजवतेस, हे मला का नाही लिहिलंस गं? मी तुझ्याकडून एवढंसं काही लपवलं की तू चार पानं रागावतेस, आणि हे तू लपवलंस! मला इतका आनंद झालाय की तुझ्यावर रागावताही येत नाही.

आई


सोमवार, ९ मार्च

भिंगरे,

तुझं रागाचं पत्र शनिवारी आलं. तू ते माझं पहिलं पत्र मिळाल्याबरोबर लिहिलेलं दिसतंय, कारण त्यात 'आई, तू हे अजिबात करायचं नाहीस' असं तीनदा आहे. उशीर झाला गं. आणि काल जे झालं त्यानंतर ते पत्र मी मशीनच्या खणात सगळ्यात खाली ठेवून दिलंय.

तुला पलीकडचं माहीत आहे, इकडचं मी सांगते.

काल दुपारची जेवणं झाली. बाबा हात धुऊन खुर्चीत बसले. मी ताटं उचलत होते. बघते तर फोन मांडीवर घेऊन नंबर फिरवताहेत. कुठलाही कागद न बघता. तुझा नंबर त्यांना पाठ आहे, हे मलाही माहीत नव्हतं. मी हातातलं ताट खाली ठेवायलासुद्धा हलले नाही, आवाज होईल म्हणून.

तू उचललास. तुझा 'हॅलो' मला इथवर ऐकू आला. बाबांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. तू दुसऱ्यांदा हॅलो म्हणालीस, मग 'कोण आहे?' त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, सगळं विसरलेल्या माणसासारखं. मला वाटलं, आता फोन ठेवतात. मी जवळजवळ ओरडणार होते.

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, फोन फळीवर टेकवला आणि पेराने दोनदा वाजवलं.

पुढे काहीच नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर वर्ष गेल्यासारखं वाटलं. तू तेव्हा काय करत होतीस? मला एकदा सांग. तुला लगेच कळलं होतं ना?

मग तुझी टक आली.

बाबांनी डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात अजून एक आली, जरा जाड आवाजाची. मग एक हलकी. मग एक इतकी जोरात की फोन थरथरला. ती गेल्या आठवड्यात काम आटोपून तिकडे परतलेल्या तुझ्या सासऱ्यांची, मी पैजेवर सांगते. बाबांनी फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, "अगं, तिकडे किती जण बसलेत टेबलाशी?"

मी म्हटलं, "आज रविवार. सगळेच असतील."

ते 'बरं' म्हणाले. पण हे 'बरं' निराळं होतं. तू ऐकलंस ना ते? फोनवरचा हात तेव्हा काढला होता त्यांनी. मग तू रडायला लागलीस आणि ते म्हणाले, "आईला देतो," आणि मी फोन घेतला तर आपण दोघी नुसत्या रडत बसलो, बोललो काहीच नाही. परदेशच्या फोनवर!

त्यानंतर ते कारखान्यात गेले ते आज सकाळीही तिथेच आहेत. आत्ता बघून आले. चौघांच्या फळीला एका बाजूने जोड लावताहेत. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाले, "ते चार आणि आपण दोघं. चौघांचं पुरणार आहे का?" पायांसाठी लाकूड कापून ठेवलंय. नेहमीपेक्षा दोन बोटं उंच. मी विचारलं, माप चुकलं का? तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "व्याह्यांचे गुडघे लागतात."

व्याह्यांचे! मी दुकानात एकटीने म्हणून बघत होते तो शब्द, आणि हे खुशाल म्हणून गेले, हातात करवत.

तुला काय लिहू असं मी विचारलं. म्हणाले, "पॉलिश पुरतं वाळायला महिना लागेल. त्याआधी ताटं ठेवली तर डाग पडतील, एवढं तिला कळव. मग त्यांनी त्यांचं ठरवावं." मी म्हटलं, "म्हणजे बोलावताय ना त्यांना?"

तर करवत थांबवून म्हणाले, "त्या तिघांना बोलावतोय. तिला कशाला बोलवायचं? तिला घर माहीत आहे."

जसंच्या तसं लिहिलंय बघ. आता तू आणि तुझे बाबा काय ते बघून घ्या. मी उशांना अभ्रे शिवायला घेतलेत. खुर्चीवर घालायच्या त्या दोन्ही उशांनासुद्धा, उगाच.

आई